हॅवलॉक-नीलला जाताना आधी बोट ठरवा, मग हॉटेल

पुण्यात अंदमानचं नियोजन सहसा असं होतं: आधी स्वस्त विमान शोधायचं, मग हॅवलॉक बेटावर समुद्राला खेटून असलेलं हॉटेल, आणि बोटीचं 'तिकडे गेल्यावर बघू'. यातली शेवटची गोष्ट हॉटेलच्या आधी हवी. विमानं रोज आहेत, हॉटेलंही भरपूर आहेत. बेटांमधल्या बोटी मात्र मोजक्या, त्यांच्या वेळा ठरलेल्या, आणि समुद्र बिघडला की त्याही बंद. कोकणात बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोटीने जाताना धक्क्यावर जायचं, तिकीट फाडायचं आणि गाडी आत घालायची, तसं इथे चालत नाही. हॅवलॉकच्या प्रवासी बोटीचं तिकीट विमानासारखं असतं: नाव, वय, ओळखपत्र, आसन क्रमांक.

नावांचा गोंधळ आधीच मिटवू. हॅवलॉक आणि नील ही बेटं डिसेंबर २०१८पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, तर पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४पासून श्री विजयपुरम. बोलण्यात जुनीच नावं चालतात आणि इथेही तीच वापरली आहेत, पण तिकिटावर नवी दिसतील. 'आम्ही हॅवलॉकचं काढलं होतं, हे स्वराज द्वीपचं कसं आलं' म्हणून ते रद्द करू नका.

बेटांचा क्रम

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, पुन्हा पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण करायचा. हॅवलॉक-नील आणि नील-पोर्ट ब्लेअर हे दोन्ही टप्पे लहान आहेत, वेगवान बोटीने प्रत्येकी साधारण तास-सव्वा तासाचे. पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक हा मोठा टप्पा, खासगी बोटीने दीड ते अडीच तास. त्रिकोण केला की मोठा टप्पा एकदाच वाट्याला येतो. हॅवलॉकला जाऊन परत पोर्ट ब्लेअर आणि तिथून वेगळं नील, असं कुणी आखून दिलं तर कारण विचारा. बहुतेकदा एजंटाला हवी ती बोट मिळालेली नसते.

सात रात्री असतील तर पहिली पोर्ट ब्लेअरला, मग तीन हॅवलॉकला, एक नीलला आणि शेवटच्या दोन पुन्हा पोर्ट ब्लेअरला. पाच रात्रीच असतील तर नील सोडून द्यावं. पाच रात्रींत दोन्ही बेटं कोंबली की निम्मी सहल जेट्टीवर सामान सांभाळण्यात जाते. पुण्यात विकल्या जाणाऱ्या 'पाच रात्री सहा दिवस' पॅकेजांमध्ये दोन्ही असतात, कारण जाहिरातीत दोन नावं एकापेक्षा बरी दिसतात.

एक नियम मात्र मोडू नये: परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी, शक्यतो त्याच्याही आदल्या दिवशी, पोर्ट ब्लेअरला मुक्कामाला यायचं. सकाळची बोट पकडून दुपारचं विमान गाठता येतं हे कागदावर खरं आहे. पण बोट रद्द झाली तर विमान थांबत नाही, आणि बोटवाले फक्त बोटीचे पैसे परत देतात.

पुण्याहून पोचणं

लोहगावहून जाताना चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद किंवा कोलकात्याला विमान बदलायची तयारी ठेवा. दिल्लीमार्गे स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. तो उलटा वळसा आहे, शिवाय डिसेंबर-जानेवारीत तिथल्या धुक्याने पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं उशिरा पोचून दुसरं चुकलं तर एकाच पीएनआरवर पुढची सोय करणं कंपनीकडे येतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर दुसरं विमान तुमच्या खिशातून गेलं. सामानही पुण्यात टाकलं की थेट पोर्ट ब्लेअरला निघतं, मध्ये पट्ट्यावरून उतरवून पुन्हा रांगेत उभं राहावं लागत नाही. दोन विमानांत किमान दोन तास ठेवा. पोर्ट ब्लेअरची बरीचशी विमानं सकाळ ते दुपार या वेळात असतात, त्यामुळे एक चुकलं की बहुधा दुसऱ्या दिवशीच जायचं.

पहाटे निघून दुपारपर्यंत पोचलात तर त्याच दिवशी दुपारच्या बोटीने हॅवलॉक गाठायचा मोह होतो. विमान अकराच्या आत उतरणार असेल आणि बोट दोननंतरची असेल तरच हा विचार करा, तोही फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. नाहीतर पहिली संध्याकाळ सेल्युलर जेलला द्यावी.

पुणेकरांचा हमखास चुकणारा हिशेब अंधाराचा. अंदमान पुण्याच्या बरंच पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. डिसेंबरच्या सुरुवातीला तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी साडेपाच-पावणेसहाला उजाडलेलं असतं. म्हणजे पुण्यापेक्षा दिवस तासाभराने आधी सुरू होतो आणि आधीच संपतो. 'चार वाजता निघू, सूर्यास्त बघू' हे तिथे जमत नाही. साडेतीनला निघायचं.

कुठली बोट

सरकारी बोटी अंदमान प्रशासनाचं जहाज वाहतूक संचालनालय चालवतं. त्या स्वस्त आहेत, सावकाश जातात, आणि त्यांच्या उघड्या डेकवर उभं राहता येतं. तिकिटं मोजके दिवस आधीच सुटतात आणि स्थानिकांना प्राधान्य असतं, जे रास्तच आहे, कारण त्यांच्यासाठी ती एसटी आहे. दवाखाना, शाळा, बाजार सगळं तिच्यावर. पर्यटकाने पूर्ण सहल सरकारी बोटीच्या भरवशावर आखू नये. मात्र खासगी बोट भरलेली असेल किंवा रद्द झाली असेल, तर फिनिक्स बे जेट्टीवरच्या खिडकीवर जरूर चौकशी करा.

खासगीत मॅक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन आणि आयटीटी मॅजेस्टिक ही नावं ऐकू येतील. भाडं एका टप्प्याला माणशी साधारण हजार-बाराशेपासून सुरू होतं आणि वरच्या वर्गात दोन हजारांपलीकडे जातं. वरच्या वर्गात खुर्ची जरा रुंद आणि खिडकी मोठी मिळते. पोचायचा वेळ तोच. दीड तासासाठी ते पैसे वाचवून हॅवलॉकला एक वेळचं जेवण बरं होतं.

निवड करताना विचार करायचा तो बंदिस्तपणाचा. वेगवान कॅटामरान बोटी आतून पूर्ण बंद आणि वातानुकूलित असतात, प्रवासात बाहेर येऊ देत नाहीत. ग्रीन ओशनसारख्या बोटींना वरचा मोकळा डेक आहे, पण वेळ जास्त लागतो. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी अर्धा तास जास्त लागला तरी मोकळा डेक घ्यावा. लहान मुलं आणि फार वयस्कर मंडळी असतील तर उलट, लवकर पोचवणारी बोट.

बुकिंग महिना-दीड महिना आधी करा. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना असेल तर त्याहून आधी. सकाळच्या बोटी आधी भरतात, कारण सकाळी समुद्र बहुधा शांत असतो आणि पूर्ण दिवस हाती राहतो. क्रम असा: विमानाच्या तारखा नक्की, लगेच तिन्ही टप्प्यांच्या बोटी, मग हॉटेल. हॉटेल आधी घेतलं आणि त्या दिवशीची सकाळची बोट भरली, तर संध्याकाळी पोचून एका रात्रीचे पैसे नुसते झोपायला जातात.

तिकीट काढताना तीन गोष्टींची काळजी घ्या. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. तान्ह्या बाळाचंही नाव प्रवाशांच्या यादीत घाला. आणि मोबाइल नंबर स्वतःचा द्या. हे तिसरं फार महत्त्वाचं आहे. बोटीची वेळ बदलली तर मेसेज तिकिटावरच्या नंबरावर जातो, आणि एजंटाने स्वतःचा नंबर घातला असेल तर तो मेसेज टिळक रोडवरच्या कुठल्यातरी ऑफिसात वाजतो, तुम्ही मात्र जेट्टीवर. पॅकेज घेतलं असेल तर पूर्ण पैसे भरण्याआधी तिन्ही टप्प्यांची तिकिटं मागा, ज्यावर बोटीचं नाव, वेळ आणि वर्ग छापलेला आहे अशी. 'क्रूझ इन्क्लुडेड' एवढ्यावर समाधान मानू नका.

जेट्टीवरचा दिवस

पोर्ट ब्लेअरला फिनिक्स बे आणि हॅडो अशी दोन ठिकाणं आहेत. तिकिटावर कुठलं लिहिलंय ते आदल्या रात्री बघून रिक्षावाल्याला तेच सांगा. चुकीच्या धक्क्यावर पोचलात तर दुसरीकडे जाईपर्यंत प्रवेश बंद झालेला असतो. सुटायच्या तासभर आधी पोचा. मूळ ओळखपत्र लागतं, आधारची मोबाइलमधली फोटोप्रत ऐनवेळी अडवू शकते.

सामान तपासून त्याला चिठ्ठी लावतात आणि बोटीवर ते एका ठिकाणी रचून ठेवतात. विमानाच्या १५ किलोंच्या हिशेबात भरलेली बॅग इथे खपून जाते. बॅग शक्यतो मऊ, पाठीवर घेता येईल अशी. धक्का आणि बोट यांच्यातली फळी हलत असते, भरती-ओहोटीप्रमाणे चढण किंवा उतार बदलतो, आणि चार चाकांची मोठी सूटकेस तिथे नुसती ओझं होते. औषधं, पैसे, चार्जर, एक शाल हातातल्या पिशवीत ठेवा. शाल थट्टेने लिहिलेली नाही. त्या बोटींचा एसी मे महिन्यातही हुडहुडी भरवतो.

बोट लागू नये म्हणून

शरीर हलतंय असं कान सांगतो, समोरची खुर्ची स्थिर आहे असं डोळा सांगतो, आणि या भांडणात पोट ढवळतं. बंद बोटीत हे जास्त होतं, कारण क्षितिज दिसत नाही. म्हणून खिडकीजवळ बसून लांबवर बघा. मोबाइल बघायचा नाही, पुस्तक नाही, मुलांना कार्टूनही नाही. बोटीच्या पुढच्या टोकाला उसळी सर्वांत जास्त, मधे आणि जरा मागे, खालच्या मजल्यावर सर्वांत कमी. आसन निवडता येत असेल तर तिथलंच घ्या. पुढच्या रांगेतली मोठी काच फोटोत छान दिसते, इतकंच.

रिकाम्या पोटी जाऊ नका आणि पुरी-भाजी हाणूनही नको. दोन इडल्या किंवा टोस्ट-केळं पुरे. ॲव्होमिनसारखी गोळी बोटीच्या किमान तासभर आधी पोटात हवी. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर ती उलटीबरोबर बाहेर येते. या गोळीने गुंगी येते, त्यामुळे उतरल्यावर लगेच स्कूटर चालवू नका आणि त्याच दिवशी डायव्हिंगही नको. दोन वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. त्याहून मोठ्या मुलांचं प्रमाण, आणि बीपी-काचबिंदूची औषधं चालू असलेल्यांचं काय ते, पुण्यातच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

हॅवलॉकवर

जेट्टी बेटाच्या उत्तर टोकाला, हॉटेलं बहुतेक पूर्व किनाऱ्यावर विजयनगर-गोविंदनगरकडे, आणि प्रसिद्ध राधानगर किनारा पश्चिमेला, जेट्टीपासून साधारण १२ किलोमीटर. पूर्वेकडचे किनारे ओहोटीला लांबवर उघडे पडतात आणि खडक दिसतात. हॉटेलच्या फोटोतलं निळं पाणी भरतीच्या वेळचं असतं. पोहायला राधानगरच बरं, पण लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नका. पावसाळ्यात तो हमखास असतो, कारण नैर्ऋत्येचा वारा थेट त्याच किनाऱ्यावर येतो. मगरींच्या इशाऱ्याचे फलकही शोभेचे नाहीत. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि २०१०मध्ये याच बेटावर एका पर्यटक महिलेचा जीव गेला आहे. खाडीचं तोंड आणि खारफुटीची बाजू टाळा, अंधार पडल्यावर पाण्यात राहू नका.

बेटावर फिरायला भाड्याची स्कूटर सोयीची, दिवसाला साधारण पाचशे रुपये, पेट्रोल वेगळं. मूळ लायसन्स न्या. गाडी घेताना आधीच्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढून ठेवा, परत देताना वाद होत नाही. एलिफंट बीचला जेट्टीवरून छोट्या बोटी जातात, पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. ती सहल सकाळी करा. दुपारून वारा वाढतो, छोटी बोट आपटत येते आणि पाणी गढूळ झाल्याने प्रवाळही नीट दिसत नाही.

नील: भरती-ओहोटीचं बेट

नील इतकं लहान आहे की सायकलवर होतं. पण इथे घड्याळापेक्षा पाण्याची वेळ महत्त्वाची. लक्ष्मणपूरजवळचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच गाठता येतो. भरतीत वाट पाण्याखाली जाते. भरतपूरला उलट: अगदी ओहोटीत पाणी गुडघाभरही राहत नाही आणि प्रवाळावर पाय पडतो.

घरातलं कालनिर्णय इथे कामाला येतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे ओहोटीही खोल जाते आणि पुलापाशी चांगलं फिरता येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्यात फरक कमी. ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. नेमकी वेळ भरतीच्या ॲपमध्ये 'पोर्ट ब्लेअर' निवडून बघा. रत्नागिरी-मुंबईच्या वेळा तिथे लागू पडत नाहीत. ओहोटीची वेळ पहाटे आणि संध्याकाळी अंधारात येत असेल तर नीलचा मुक्काम दोन-तीन दिवस मागे-पुढे करता येतो का ते बुकिंगच्या वेळीच बघावं. बोटी आधी ठरवण्याचं हे आणखी एक कारण. खडकांवर शेवाळ असतं, तुळशीबागेतल्या घसरगुंडी चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल घाला.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच न्या. एटीएम मोजकी आहेत आणि कधीकधी रिकामी असतात. इंटरनेटचंही तसंच: चेन्नईहून समुद्राखालून आलेल्या केबलचं उद्घाटन ऑगस्ट २०२०मध्ये झालं, तिच्या जोडणीच्या बेटांत हॅवलॉक होतं, नील नव्हतं. यूपीआय अडकेल असं धरूनच चाला, तिकिटं मोबाइलमध्ये उतरवून ठेवा आणि एक छापील प्रतही ठेवा.

बोट रद्द झाली तर

बंगालच्या उपसागरात वादळांचे दोन मोसम आहेत, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. मान्सून अंदमानात मेच्या उत्तरार्धातच पोचतो. बोटींसाठी सर्वांत भरवशाचे महिने फेब्रुवारी ते एप्रिलचा पूर्वार्ध. नाताळची सुट्टी लोकप्रिय आहे, पण डिसेंबर २०१६मध्ये खराब हवामानामुळे हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकले होते, आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली.

निघण्याच्या दोन दिवस आधीपासून हवामान खात्याचा अंदमानसाठीचा इशारा रोज बघा. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की आधी लहान बोटी थांबतात, मग खासगी मोठ्या. अशा वेळी तीन कामं एकाच वेळी करा: एक जण बोट कंपनीच्या खिडकीवर पुढच्या बोटीत नाव लावतो, दुसरा सरकारी बोटीची चौकशी करतो, तिसरा हॉटेलची खोली आणखी एका रात्रीसाठी धरून ठेवतो. खोली आधी सोडून जेट्टीवर बसू नका. अडकलेल्या दिवशी खोल्यांची मागणी दुपारपर्यंत वाढते. हवामानामुळे कंपनीने फेरी रद्द केली तर पैसे परत किंवा तारीख बदलून मिळते, तुम्ही घाबरून स्वतः रद्द केलीत तर कपात होते. म्हणून अधिकृत घोषणा होईपर्यंत थांबा.

मोकळा दिवस आणि परतीचं विमान

पोर्ट ब्लेअरला राखलेला मोकळा दिवस रॉस बेटासाठी, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपासाठी, वापरा. राजीव गांधी वॉटर स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सवरून बोट सुटते आणि अर्ध्या दिवसात होतं. बुधवारी ते बंद असतं. बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा पाहायच्या तर पहाटे साडेतीन-चारला निघावं लागतं. जिरकाटांग नाक्यापासून गाड्या ठरलेल्या वेळांना ताफ्याने जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातात. त्या रस्त्यावर थांबणं, जारवांचे फोटो काढणं, त्यांना खायला देणं हा गुन्हा आहे. संध्याकाळी दमून परत येता, म्हणून हा दिवस विमानाच्या अगदी आदल्या दिवशी ठेवू नका.

स्कूबा केलं असेल तर शेवटच्या डायव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्या, बहुतेक डायव्हिंग सेंटर २४ सांगतात. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि सांध्यांपासून मज्जारज्जूपर्यंत कुठेही इजा करतो. म्हणूनच डायव्ह हॅवलॉकच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी उरकायचा. स्नॉर्केलिंगला ही अट नाही.

बॅग भरताना मुलांच्या खिशांतले शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे काढून घ्या. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, मेलेलं आणि किनाऱ्यावर पडलेलं असलं तरी, आणि विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्रात ते लगेच दिसतं. दुकानातून शंखाची वस्तू घेतली असेल तर पावती बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा.